सनदेत न बसलेली माणसं

डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधला वेलिंग्टन स्तंभ ६२ मीटर उंच आहे. रविवारी सकाळी त्याच्या आजूबाजूला पोरं फुटबॉल खेळत असतात, लहान मुलं पायऱ्यांवर चढ-उतार करत असतात, आणि त्या राखाडी दगडाकडे मान वर करून बघायला कोणाला सवड नसते. मी इथे राहायला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात तिकडे गेले होते. पायथ्याशी चारही बाजूंना ब्राँझचे मोठाले पत्रे बसवले आहेत, वॉटर्लूच्या लढाईत हाती लागलेल्या तोफा वितळवून ओतलेले. एकावर वॉटर्लू कोरलंय, एकावर धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा, आणि एकावर भारतातल्या लढाया. चौथ्या बाजूला मजकूर आहे. तुझ्यामुळे वाचलेले आशिया आणि युरोप तुझं अजिंक्य नाव गर्जत आहेत, अशा अर्थाच्या ओळी.

तुझ्यामुळे वाचलेला आशिया! मी ते दोनदा वाचलं.

माझं आजोळ भोकरदनच्या बाजूला, असईपासून बैलगाडीच्या अंतरावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाना आम्हा पोरांना एकदा तरी तिकडे न्यायचे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ते रान आहे. एरवी कपाशी आणि ज्वारीचं साधं रान, कुठे काही दिसत नाही. पण नाना बांधावर उभे राहून हात लांब करून दाखवायचे. नदीच्या एका काठाला पिंपळगाव, दुसऱ्या काठाला वरूड. "दोन गावं अशी समोरासमोर वसली की मधे उतार असणारच, हे त्या गोऱ्यानं ताडलं. वाटाडे नाही म्हणत होते, तरी यानं पाण्यात घोडा घातला." २३ सप्टेंबर १८०३ ची ती दुपार नाना असे सांगायचे, जणू स्वतः बांधावर उभे राहून पाहिली होती. इंग्रजांचीच सुमारे १,६०० माणसं त्या दिवशी मेली किंवा जखमी झाली. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतल्या मेलेल्यांचे तर नुसते अंदाज आहेत.

तो गोरा म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेला. आणि स्तंभावरच्या त्या ओळी मुळात लॅटिनमध्ये लिहिल्या त्याच्या थोरल्या भावाने, रिचर्डने. हा रिचर्ड आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतो: तैनाती फौजेवाला लॉर्ड वेलस्ली, १७९८ ते १८०५ गव्हर्नर जनरल. घराण्याचा किताब होता थोरल्याकडे, आणि स्तंभ उभा राहिला धाकट्याचा. धाकट्याच्या स्तंभासाठी थोरल्याने ओळी लिहून दिल्या, हे कळल्यापासून मला लढाईपेक्षा त्या घराचंच जास्त कुतूहल लागून राहिलं.

घर म्हणजे मीथ परगण्यातलं डँगन. डब्लिनहून तासाभराच्या आत गाडीने पोचता येतं, समरहिल नावाच्या गावाच्या जवळ. मी गेले तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. टेकाडावर छप्पर नसलेला वाडा, खिडक्यांच्या जागी नुसती आरपार दिसणारी भगदाडं, त्यातून आभाळ. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून कुंपणापाशी उभी राहिले, तेवढंच. एके काळी इथे तळं होतं, तळ्यात खेळण्यातल्यासारखी छोटी गलबतं आणि काठाला तोफा लावलेला लुटुपुटीचा किल्ला. धन्याच्या वाढदिवसाला त्यातून सलामी दिली जाई.

ही मालमत्ता मुळात त्यांच्या रक्ताची नव्हतीच, हे मला तिथून परतल्यावर वाचताना कळलं. डँगनचा मूळ मालक गॅरेट वेस्ली १७२८ मध्ये निपुत्रिक वारला. जाण्यापूर्वी तो वारस शोधत होता. अशी एक जुनी गोष्ट सांगतात की त्याने इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या आपल्याच आडनावाच्या चार्ल्स वेस्ली नावाच्या मुलाला विचारलं होतं. मुलाने नकार दिला. पुढे त्याच मुलाने भाऊ जॉन याच्यासह मेथडिस्ट पंथ उभा केला, हजारो भजनं लिहिली. मग गॅरेटने नात्यातल्या रिचर्ड कॉलीला वारस केलं. अट एकच: त्याने वेस्ली हे नाव आणि घराण्याचं चिन्ह घ्यायचं. कॉलीचा वेस्ली झाला, आणि पुढे त्याच नावाचं वेलस्ली. हे वाचताना मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. नाव बदललं, कूळ बदललं, जमीन मिळाली. आपण याला दत्तक म्हणतो.

पण किताबाचं तसं नाही. तो पुढे १७४६ मध्ये आला. या दत्तक आलेल्या रिचर्डला आयर्लंडच्या उमरावांमध्ये बॅरन मोर्निंग्टन करण्यात आलं. मोर्निंग्टन हे बॉइन नदीच्या मुखाशी असलेलं समुद्रकाठचं गाव. त्याचा मुलगा गॅरेट १७६० मध्ये अर्ल झाला. हा गॅरेट माझा या घरातला सगळ्यांत आवडता माणूस. व्हायोलिन वाजवायचा, चर्चसाठी गाणी रचायचा. १७६४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्याला आपला पहिला संगीताचा प्राध्यापक केलं. अर्ल असलेला प्राध्यापक! शहरातलं त्याचं घर अप्पर मेरियन स्ट्रीटवर होतं, सरकारी कचेऱ्यांच्या समोर. १७६९ मध्ये आर्थर तिथेच जन्मला असं बहुतेक चरित्रकार मानतात. आज तिथे मोठं हॉटेल आहे आणि ऑफिसच्या वाटेवर मी त्याच्या विटांच्या भिंतीवरून रोज जाते.

गाणाऱ्या माणसाच्या हाती पैसा टिकला नाही. १७८१ च्या मे महिन्यात गॅरेट वारला तेव्हा मागे बायको, पाच मुलगे, एक मुलगी आणि कर्जाचा डोंगर होता. थोरला मुलगा रिचर्ड, पुढचा गव्हर्नर जनरल, त्या वेळी ऑक्सफर्डमध्ये होता, एकवीस पुरे व्हायला महिना कमी. आदल्याच वर्षी लॅटिन काव्याचं बक्षीस मिळवलेला हुशार मुलगा. पदवी न घेताच तो घरी आला, बापाचं कर्ज अंगावर घेतलं, भावंडांची शिक्षणं आणि नोकऱ्या मार्गी लावल्या. आर्थरला सैन्यातली हुद्द्याची जागा विकत घेण्यासाठी पैसे त्यानेच पुरवले. शेवटी १७९३ मध्ये डँगन विकावं लागलं. त्याच वर्षी आर्थरने लॉर्ड लॉंगफर्डच्या घरातल्या किटी पाकनहॅमला मागणी घातली होती. तिच्या भावाने नकार दिला. कारण उघड होतं, पोराकडे पैसा नव्हता. त्या उन्हाळ्यात आर्थरने आपली व्हायोलिनं जाळून टाकली आणि पुन्हा कधी वाजवलं नाही.

बापाकडून खरोखर हाताशी आलेला वारसा तेवढाच होता, सुरांचा. तो त्याने चुलीत घातला. हा प्रसंग मी जितक्यांदा वाचते तितक्यांदा मला त्या चोवीस वर्षांच्या पोराबद्दल फार वाईट वाटतं. माझ्या आजोळच्या रानात तो काय करून गेला हे माहीत असूनही वाटतं.

आता सनदेकडे येते, कारण सगळी गोष्ट तिच्यातल्या चार शब्दांवर फिरते.

जमीन मृत्युपत्राने कोणालाही देता येते. डँगन तसंच आलं होतं. किताब देता येत नाही. तो राजाच्या सनदेत लिहिलेल्या शब्दांप्रमाणे आपला आपण चालत राहतो. बहुतेक सनदांमध्ये शब्द असे असत: त्याच्या देहापासून, कायदेशीर विवाहातून जन्मलेले पुरुष वारस. मुलगी चालत नाही. दत्तक चालत नाही. लग्नाआधी झालेला मुलगा, नंतर आईबापांनी लग्न केलं तरी, चालत नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात नंतरच्या लग्नाने मूल औरस ठरत असे. इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये तसं नव्हतं. इंग्लंडमध्ये ही सोय १९२६ च्या कायद्याने झाली आणि तेव्हाही किताब मुद्दाम वगळले गेले.

आपल्याकडे दत्तकाला गादी मिळत असे आणि कंपनी सरकारने १८४८ मध्ये साताऱ्याला ते नाकारलं, याचा आपल्याला आजही राग येतो. तो यायलाच हवा. पण डलहौसीच्या आणि त्याच्या वर्गाच्या स्वतःच्या घरी किताब याच नियमाने चालत होते. दत्तकाला गादी कशी मिळू शकते हे त्यांच्या मनाला शिवतच नसावं. त्याने साताऱ्यावरचा अन्याय कमी होत नाही. मला फक्त तो कुठल्या मातीतून उगवला ते दिसलं.

सनदेतले ते शब्द मला लागले त्याला आणखी एक कारण आहे. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद करायची होती. दादाने आयुष्यभर ती शेती कसली. मी इथे, परदेशात. मी खुशीने हक्कसोडपत्र केलं, दादाने कधी मागितलंही नव्हतं. निबंधकाच्या कचेरीत भिंतीला टेकून आत्या बसली होती. तिने तीस वर्षांपूर्वी हेच केलं होतं. लेखनिकाने मजकूर घडाघडा वाचून दाखवला: यापुढे सदर मिळकतीशी माझा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही. मी डावा अंगठा शाईत बुडवून उमटवला. आत्याने पिशवीतून ओला रुमाल काढून माझा अंगठा पुसला, नीट, नखाच्या कडेपर्यंत, लहानपणी पुसायची तसा. ती काही बोलली नाही. निर्णय माझा होता आणि तो मला आजही बरोबरच वाटतो. तरी 'कोणताही संबंध नाही' हे वाक्य पुढे कितीतरी दिवस कानात वाजत राहिलं.

म्हणूनच असेल, या साऱ्या अर्ल-ड्यूकांच्या गर्दीत माझं लक्ष गेलं ते यासिंथ रोलाँकडे. ती पॅरिसची फ्रेंच नटी. रिचर्ड तिच्या प्रेमात पडला आणि ती लंडनला त्याच्याबरोबर राहू लागली. १७८७ पासून त्यांना पाच मुलं झाली: रिचर्ड, अ‍ॅन, यासिंथ मेरी, जेरल्ड आणि हेन्री. २९ नोव्हेंबर १७९४ ला दोघांनी लग्न केलं. यासिंथ त्या दिवशी मोर्निंग्टनची काउंटेस झाली. मुलं आदल्या दिवशी जी होती तीच राहिली. तिन्ही मुलगे त्या लग्नाच्या आधीचे.

हे लग्न करताना त्याला पुढचं दिसत असणारच. तो कायदा जाणणारा, संसदेत वावरलेला माणूस. अजून मूल होईल, अशी आशा धरली असेल. पण १७९७ च्या नोव्हेंबरात तो हिंदुस्थानला निघाला. यासिंथने यायला नकार दिला. तिला इंग्रजी नीट येत नव्हतं, लंडनच्या बड्या घरांनी तिला कधी जवळ केलं नव्हतं, आणि मुलांना सोडून सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाला ती तयार नव्हती. मला तिचं म्हणणं पूर्ण पटतं. तो परतला १८०६ च्या जानेवारीत. मधली आठ वर्षं पत्रांत गेली, रुसव्यात गेली. १८१० मध्ये दोघं विभक्त झाले, १८१६ मध्ये ती वारली. म्हणजे हिशेब केला तर, सनदेला चालणारा मुलगा होण्यासाठी या दोघांच्या वाट्याला लग्नानंतरची जेमतेम तीन वर्षं आली. उरलेला काळ त्याने म्हैसूर आणि दख्खन जिंकण्यात घालवला.

आणि जिंकून काय मिळालं? ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. रिचर्डची अपेक्षा मोठ्या इंग्लिश किताबाची होती. लुटीतला एक लाख पौंडांचा वाटा त्याने नाकारला होता, तो सैन्याला राहू द्या म्हणाला. त्याला पैसा नको होता, मान हवा होता. डिसेंबरात त्याला मार्क्विस वेलस्ली करण्यात आलं, पण आयर्लंडच्या उमरावांमध्ये. कलकत्त्याला ही बातमी पोचली तेव्हा तो अक्षरशः आजारी पडला. पंतप्रधान पिटला लिहिलेल्या पत्रात त्याने या किताबाला दुहेरी सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा म्हटलं.

बटाटा, कारण आयर्लंडचा. ज्या मातीत तो जन्मला, ज्या देशाच्या नावावर त्याचा बाप अर्ल झाला, तिचं नाव त्याला हलकं वाटलं. इथल्या गरिबांचं सगळं जेवण बटाट्यावर होतं. रिचर्ड वारल्यावर तीनच वर्षांनी, १८४५ मध्ये, तो बटाटा जमिनीत सडला आणि दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि रोगाने गेली. मी ज्या आयरिश बाईंबरोबर काम करते त्यांच्या घरी आजही ताटात बटाटा टाकलेला चालत नाही. त्यांना मी हे रिचर्डचं वाक्य सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

त्याच्या दृष्टीने तक्रारीत तथ्य नव्हतं असं नाही. आयरिश किताबाने लंडनच्या उमरावांच्या सभागृहात बसण्याचा हक्क मिळत नसे. १८०१ मध्ये आयर्लंडची संसदच ब्रिटनच्या संसदेत विलीन झाली आणि मग सगळ्या आयरिश उमरावांनी मिळून निवडलेले फक्त २८ जण तिथे बसू लागले. बाकीचे नावाचे लॉर्ड. तरीही ब्रिटिश सरकार गरजेनुसार असे किताब देत राहिलं, आणि अगदी शेवटचा नवा आयरिश किताब १८९८ मध्ये मिळाला तो हिंदुस्थानला व्हाइसरॉय म्हणून निघालेल्या कर्झनला. त्याचा आयर्लंडशी काडीचा संबंध नव्हता.

रिचर्डला घरी पाठवणारा माणूस मात्र आपल्याकडचा निघाला. १८०३ मध्ये अहमदनगर, असई, अडगाव, गाविलगड असं एकामागून एक पडत गेलं आणि शिंदे-भोसले तहाला आले, पण यशवंतराव होळकर उरले. १८०४ च्या पावसाळ्यात त्यांनी कर्नल मॉन्सनच्या फौजेला राजपुतान्यातून आग्र्यापर्यंत पळवत नेलं. मग भरतपूरचा वेढाही इंग्रजांच्या अंगाशी आला. लढायांचा खर्च पाहून लंडनच्या संचालकांचा धीर सुटला होताच. १८०५ मध्ये रिचर्ड वेलस्लीच्या जागी कॉर्नवॉलिस आला.

यशवंतराव हे तुकोजी होळकरांचे अनौरस पुत्र. औरस भाऊ काशीराव हयात असताना त्यांनी तलवारीच्या आणि माणसं जोडण्याच्या बळावर होळकरशाही हाती घेतली. सनदेतल्या शब्दांनी चालणाऱ्या जगात त्यांना जागा नसती. मी हे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला झोप लागली नाही. ज्याचे स्वतःचे तिन्ही मुलगे अनौरस म्हणून बाहेर राहिले, त्याचं सगळं कर्तृत्व एका अनौरस मराठा राजाने अडवलं.

आर्थरचं उलट झालं. दख्खनच्या मोहिमांनी तो हिंदुस्थानातून चाळीस हजार पौंडांहून जास्त घेऊन परतला. आता नकार देण्यासारखं काही नव्हतं. १८०६ च्या एप्रिलमध्ये डब्लिनला त्याचं किटीशी लग्न झालं, पाद्री म्हणून त्याचाच भाऊ जेरल्ड उभा होता. १८०९ मध्ये स्पेनमधल्या विजयानंतर त्याला किताब द्यायचा ठरला तेव्हा तो रणांगणावर होता, म्हणून नाव निवडायचं काम विल्यम या दुसऱ्या भावाने केलं. नकाशात शोधून त्याने सॉमरसेटमधलं वेलिंग्टन हे गाव काढलं, कारण ते वेलस्लीच्या जवळचं वाटत होतं. जगभर रस्त्यांना, शहरांना, बुटांना चिकटलेलं ते नाव असं घरच्या घरी, भावाच्या बोटाने ठरलं. १८१४ मध्ये आर्थर ड्यूक झाला.

रिचर्ड २६ सप्टेंबर १८४२ ला वारला. १८२५ मध्ये त्याने एका अमेरिकन विधवेशी दुसरं लग्न केलं होतं, त्यातून मूल झालं नाही. तो बटाटा, म्हणजे मार्क्विसचा किताब, त्याच्याबरोबर संपला. बापाकडून आलेली अर्लगिरी सरकली भावाकडे, विल्यमकडे. तो तीन वर्षांत गेला. पुढे त्याचा मुलगा. या चौथ्या अर्लबद्दल फार लिहायचं माझ्या जिवावर येतं. इंग्लंडमधल्या सगळ्यांत श्रीमंत वारसदार मुलीशी, कॅथरिन टिल्नी-लाँगशी, त्याने १८१२ मध्ये लग्न केलं आणि दहा वर्षांत तिचं घर धुऊन काढलं. वॉन्स्टेडच्या तिच्या महालातल्या सामानाचा लिलाव ३२ दिवस चालला, मग महालच दगडविटांच्या भावाने पाडला गेला. ती १८२५ मध्ये खचून मेली. मुलांचा ताबा बापाला देऊ नये म्हणून जो खटला झाला तो उमरावांच्या सभागृहापर्यंत गेला आणि बाप हरला; इंग्रजी कायद्याच्या अभ्यासात त्याचं नाव आजही निघतं. पण किताब? तो त्याच्याकडे बिनबोभाट आला. पुरुष होता, औरस होता, सनदेला एवढंच हवं होतं. त्याचा मुलगा १८६३ मध्ये अविवाहित वारला आणि मोर्निंग्टनची अर्लगिरी शेवटी आर्थरच्या मुलाकडे, वेलिंग्टनच्या दुसऱ्या ड्यूककडे गेली. आजही ती तिथेच आहे.

आणि ती पाच मुलं? थोरला रिचर्ड संसदेत निवडून गेला, बापाच्या आधीच, १८३१ मध्ये वारला. हेन्री ऑक्सफर्डला एका हॉलचा प्रमुख झाला, चित्रांचा जाणकार म्हणून नावाजला. यासिंथ मेरीचा नवरा पुढे लॉर्ड हॅदरटन झाला. अ‍ॅनने पहिल्या नवऱ्याला सोडून लॉर्ड चार्ल्स बेंटिंकबरोबर घर केलं, त्या काळी केवढा गहजब झाला असेल त्याचा. तिचा मुलगा पाद्री झाला. त्या पाद्र्याच्या मुलीची मुलगी एलिझाबेथ बोज-लायन, सहाव्या जॉर्जची राणी. म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथ राणीची खापरपणजी ही अ‍ॅन, नटीची लग्नाआधीची मुलगी, आणि आजचा राजा चार्ल्स तिच्याच वंशातला. हे मी आत्याला फोनवर सांगितलं. तिने सगळी नावं पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावली, प्रत्येक नावाला "कोणाची कोण?" विचारत.

राहिला जेरल्ड. बापाच्या ओळखीने तो कंपनीच्या नोकरीत लागला आणि चढत चढत रेसिडेंट झाला. कुठे, तर इंदूरला, होळकरांच्या दरबारी. महिदपूरच्या पराभवानंतर कंपनीच्या छायेखाली आलेल्या त्या गादीवर तेव्हा यशवंतरावांचा मुलगा, तिसरे मल्हारराव, बसले होते. ज्यांनी बापाला कलकत्त्याहून परत पाठवलं त्यांच्या मुलासमोर हा मुलगा कंपनीचा माणूस म्हणून बसत होता. एकाचा बाप अनौरस असून महाराज झाला. दुसऱ्याचा बाप मार्क्विस असून मुलाला काही देऊ शकला नाही. दरबारात त्यांचं काय बोलणं होत असेल ते आता कोणाला सांगता येणार नाही. पण खंडणी, कर्ज, गादीचा वारस याच गोष्टी समोर येत असणार, आणि वारसाचा कागद उलगडताना जेरल्डला स्वतःच्या आईच्या लग्नाची तारीख आठवली नसेल, असं मला वाटत नाही.

जेरल्ड १८३३ मध्ये वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मल्हाररावही निपुत्रिक गेले आणि इंदुरात दत्तक मार्तंडराव की मल्हाररावांचे चुलतभाऊ हरिराव हा वाद उभा राहिला. रिचर्ड वेलस्ली त्या सप्टेंबरातच, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आयर्लंडचा व्हाइसरॉय म्हणून दुसऱ्यांदा डब्लिनला आला होता. व्हाइसरॉयचं निवासस्थान फिनिक्स पार्कमध्येच होतं. आज तिथे आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष राहतात. तिथून धाकट्या भावाचा स्तंभ चालत वीसेक मिनिटांवर. वर्गणी संपल्यामुळे काम तेव्हा अर्धवट पडलं होतं, पत्रे बसायला अजून बरीच वर्षं होती, आणि पायथ्याच्या चारही बाजू मोकळ्या होत्या.